हार्लिसकाकांच्या जबाबाची टीप

प्रिय ममा,

तू पाठवलेल्या वाळवलेल्या शेंगा मिळाल्या. माझी तब्येत बरी आहे, नोकरीही शाबूत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

हार्लिसकाकांचा जबाब टाइप करायला कोर्टाच्या कचेरीत माझ्याकडेच आला होता. गाडी मागे घेताना शेजारी चाकाखाली येता येता वाचला, ते सांगताना काका म्हणाले, ‘लाइकटा किल्ड हिम.’ आपल्या डोंगरात याचा अर्थ ‘मरता मरता वाचला’ एवढाच. शहरातल्यांना ते ‘लाइक टू किल’ वाटतं, म्हणजे मारायची इच्छा. म्हणून मी खाली टीप लिहिली.

साहेबांनी विचारलं, “हे तुला कुणी सांगितलं?”

“माझी आई असंच बोलते.”

“म्हणजे तू त्यांच्यातलीच! मग तुझी टीप कोण मानणार? खोड ती, नाहीतर काम दुसरीला देतो.”

मी खोडली आणि सही केली. न्यायाधीशांनी ते मारायची इच्छा म्हणूनच वाचलं. काकांना जामीन नाकारला.

लहानपणी मी तसं डोंगरातलं बोलले की तू साबणाने तोंड धुवायला लावायचीस, शहरात निभाव लागावा म्हणून. लागला.

हार्लिसकाकांच्या व्हर्नाकाकू चर्चमध्ये भेटल्या तर मी कुठे काम करते ते सांगू नकोस.

तुझी, आता शुद्ध बोलणारी,
रीथा