चिकूचं बेचकं

वेस्ट विंडसर

तीर्थरूप बाबा,
इथूनच तुमच्या पाया पडते. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं.

उल्हासकाका आयसेलिनला भेटले, पार्सल मिळालं. लुंगीत गुंडाळलेलं लाकडी बेचकं बघून माझे प्रोफेसर हरखलेच. गवत उचलायचा काटा, नदीचा फाटा, कात्रीसारख्या शेपटीची घार, अशा बेचक्यासारख्या दोन टोकं फुटलेल्या गोष्टींना हजार वर्षांपूर्वीचे इंग्रज काय म्हणायचे, हाच तर माझा रिसर्च. बेचकं आता डिपार्टमेंटच्या काचेच्या कपाटात आहे. खाली तुमचं नावही लावलंय.

पण बाबा, मी बेचक्याचा फक्त फोटो मागितला होता हो!

काल शेजारच्या नेत्राने आपल्या अंगणाचा व्हिडिओ पाठवला. चिकूची वाकलेली फांदी त्यात दिसलीच नाही. तिला टेकू दिलेल्या काठीचंच टोक तुम्ही कापून पाठवलंत ना? टेकू गेल्यावर ती मोडली असणार. आणि फोनवर म्हणालात, "चिकू यंदा छान लागलेत." मीही मूर्ख, नीट सांगायला हवं होतं.

त्याच फांदीखाली आई दुपारी तांदूळ निवडायची. आता कुठे बसते?

येता-जाता त्या कपाटापाशी थांबते. बेचक्यावर इथे काहीच टेकलेलं नसतं.

तुमची,
अस्मिता