एकशे पस्तीस अंश

३ मार्च, सोमवार

तपासणीच्या कागदावर सही केली नाही! नव्या रुग्णालयाच्या तळमजल्याचे अकरा खांब. सळया उभ्या, काँक्रीटच्या गाड्या शुक्रवारच्या ठरलेल्या, आणि सळयांना आवळून धरणाऱ्या रिंगांची टोकं सगळी काटकोनात वाकवलेली. भूकंपात वरचं काँक्रीट सुटलं की असली टोकं उघडतात आणि खांब खाली बसतो. टोकं एकशे पस्तीस अंशांत हवीत, पार खांबाच्या पोटात वळलेली. मी पर्समधून माझा कोन मोजायचा लाकडी त्रिकोण काढला. कंत्राटदार असा दचकला, जणू सुरीच काढली.

मिस्त्री म्हणाला, तीस वर्षं अशीच वाकवतोय, एक इमारत पडलेली दाखवा. म्हटलं, जमीन अजून धड हललेली नाही, यात तुमचं कर्तृत्व काय?

४ मार्च

ऑफिसातून साहेबांचा फोन. आवाजात मध. "बाई, पंचेचाळीस अंशांसाठी रुग्णालय अडवता?"

अडवते. साहेबांना वजाबाकी येते हे कळून बरं वाटलं.

कंत्राटदाराचं म्हणणं, आहेत तीच टोकं आणखी वाकवू. पण वाकवलेली सळई पुन्हा वाकवली की तडकते. ती काही साहेब नव्हे.

६ मार्च

गाड्या रद्द! सातशे रिंगा नव्याने होणार. साइटवर माझं नाव पडलंय — एकशे पस्तीस. मी गेटात शिरले की आतपर्यंत वर्दी जाते. मला तर पदवी मिळाल्यासारखंच वाटतंय. घरी येऊन सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "वाकडी आहेस हे लग्नातच ओळखलं होतं. अंश आज कळले."

९ मार्च, रविवार

दुपारी धक्का बसला. हलकाच — कपबश्या किणकिणल्या, दिवा झुलला. अख्खी इमारत जिन्यात. मी दारातूनच सगळ्यांना सुनावलं, की आपली इमारत भक्कम आहे, चेंगराचेंगरीतच मराल. सात मजले, एकवीस वर्षं, भिंतीला एक रेघ नाही. घर घेताना नकाशे, सह्या, शिक्के मी स्वतः तपासलेत. नवरा म्हणाला, शिक्क्यांवर तुझा विश्वास कधीपासून? मी उठून चहा टाकला.

१३ मार्च

पाच तास एकेक रिंग पाहिली. मिस्त्रीने फळीतून स्वतःचा त्रिकोण कापून आणला होता! एक टोक जरा कमी वळलेलं निघालं. मी तोंड उघडायच्या आत त्याने ती रिंग काढून फेकली. कुणाला सांगितलं नाही, पण तेव्हा ऊर भरून आला. ही इमारत उभी राहील. जमीन हलेल त्या दिवशी सगळं शहर इथेच धावत येईल, आणि ही उभी असेल.

सही जरा मोठीच आली.

१४ मार्च

खांब भरून झाले. चहा घेताना मिस्त्रीने विचारलं, बाई, राहता कुठे? मी ऐटीत सांगितलं — पाण्याच्या टाकीसमोरची सात मजली.

त्याने कप खाली ठेवला.

"तिचे खांब मीच बांधलेत," म्हणाला. "तेव्हा साइटवर तुमच्यासारखी बाई नव्हती."

उद्या सकाळी तो आमच्या पार्किंगमध्ये येतोय. त्रिकोण आणि छिन्नी घेऊन.