आमच्या मोटरीची पाळी

११ नोव्हेंबर २०१४
डीपी जळाली! ट्रान्सफॉर्मरच गेला. लाईन आली की शिवारातल्या साऱ्या मोटरी एकदम सुरू होतात. जो तो ऑटो स्विच लावून घरी बसतो, मग डीपी तरी किती ओढणार? वस्तीलाही तीच डीपी. आता सगळीकडे अंधार — आणि माझ्या वैष्णवीला दम्याची वाफ सकाळ-संध्याकाळ लागते. छपरावर सोलर आहे म्हणून निभतंय. घरोघरी असतं तर डीपीवरचा भार कमी झाला असता. पण ऐकतो कोण!

१२ नोव्हेंबर
आभाळ.

१३ नोव्हेंबर
आजही आभाळच. दिवा बंद, पंखा बंद, मोबाईल बंद — सगळी बॅटरी वाफेच्या मशीनसाठी. तरी संध्याकाळी मशीन मध्येच थांबलं. भाव नाही म्हणून कापूस घरातच आढ्यापर्यंत भरलाय, त्याची धूळ पोरीच्या छातीत. ती धापा टाकते आणि मी नुसती बघत बसते. नाही बघवत!

१५ नोव्हेंबर
नवी डीपी आली! उद्या संध्याकाळी लाईन. वायरमन भावसिंगनं साऱ्यांना पारावर बोलावलं. "ऑटो काढा, पाळीनं मोटरी लावा. हे बी जळाली तं मंग माह्याकडं येऊ नका!" सगळे हो म्हणाले. वैष्णवीच्या बाबांनी तर तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लेकराची आन, आपली मोटर मी सोता जाऊन लावीन." पहिली पाळी आमचीच. पोरगी किती दिवसांनी हसली!

१६ नोव्हेंबर
दुपारपासून दम वाढला. बॅटरी रिकामी. हे वावरात निघाले तर मीच हात धरला. "लवकर या जी. मले एकटीले भेव लागते." गेले तसे, लाईन यायच्या आधीच परत आले. मोटरीचं विचारलं, तर म्हणाले, "झालं बरोबर."

लाईन आली. मशीन लावलं. पोरीच्या तोंडाला मास्क लावते न लावते तोच — धडाम! डीपी गेली.

दारात उभी राहून मी साऱ्या वस्तीला शिव्या घातल्या. "कोनं लावलं ऑटो? माह्या पोरीच्या जिवावर काहून उठले?" हे कोपऱ्यात बसून होते. मान वर केली नाही.

१७ नोव्हेंबर
भावसिंग विहिरीविहिरीवर फिरून आला. ऑटो साऱ्यांचेच लावलेले. आमचाही.

वैष्णवीला बोलवत नाही. तरी विचारते, "आई, बाबानं माह्याच डोक्श्यावर हात ठेवलता न?"