सगुणेच्या पोटात गेलेला शिरा

॥ एका दाण्याचे कणीस करणाऱ्या कृपेला प्रथम वंदन ॥

नारायण पेठ, पुणे

राजमान्य राजश्री गोपाळकृष्णराव यांसी दिगंबराचा साष्टांग नमस्कार (हा केवळ शाईचा, गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे). विनंती विशेष. आपला दमा कसा आहे? सौ. आनंदीवहिनींचे डोळे? माझी प्रकृती उत्तम आहे असे मी विचारणाऱ्यास सांगतो; विचारणारा अद्याप भेटायचा आहे.

आपली भगिनी कुसुम गेल्यास येत्या माघात दोन वर्षे होतील. तिचा गोग्रासाचा नेम मी चालविला आहे. पेठेत गाय उरली नाही, म्हणून पूजा आटोपली की डबा घेऊन बसने हडपसरास हिंदुरावांच्या गोठ्यात जातो. तेथील सगुणा नावाची गाय मला पाहून मान हलविते. (बसचा कंडक्टरही मला ओळखतो, परंतु मान हलवीत नाही.) मी स्तोत्र म्हणतो, ती रवंथ करते आणि मध्ये बोलत नाही. आपल्या भगिनीत व तिच्यात एवढाच काय तो फरक.

गेल्या महिन्यात सगुणा व्याली आणि पंधरवड्यात तिच्या श्वासास पिकल्या फळासारखा गोड वास येऊ लागला. इतक्या वर्षांच्या नित्यपाठाचे हे फलित समजून मी हात जोडले व हिंदुरावांना पेढे वाटावयास सुचविले. ते म्हणाले, "पंत, दूध निम्म्यावर आलंय, गाय आंबोणाला तोंड लावंना, आन् तुमास्नी पेढं सुचत्यात!"

जनावरांच्या डॉक्टर पद्मजाबाई आल्या. त्यांचे निदान असे की व्यालेल्या गाईच्या दुधावाटे जेवढी साखर जाते तेवढी वैरणीतून मिळत नाही. मग ती अंगावरची चरबी जाळते आणि श्वास गोड येतो. (म्हणजे ज्यास मी साक्षात्कार समजलो तो आजार होता.) त्यांनी साखरेपासून केलेली भुकटी आंबोणात मोजून दोन मापे घालावयास सांगितली. सगुणा खाऊ लागली. यावरून मी शिकलेला मनुष्य असल्यामुळे असा निष्कर्ष काढला की भुकटीने गुण येतो, तर साजूक तुपातील शिऱ्याने किती येईल! दुसऱ्या दिवशी मोठा डबा शिरा व वर गुळाची ढेप, असा नैवेद्य तिने चाटूनपुसून घेतला. त्या दिवशी तिचे रवंथ थांबले. तिसऱ्या दिवशी तिने मान हलविली नाही.

खायच्या सोड्याचे पाणी पाजून डॉक्टरांनी तिला वाचविले. भुकटीवर लेप असतो, ती पहिले पोट ओलांडून पुढे जाते. शिरा पहिल्याच पोटात आंबतो आणि गाईस लोळवितो, हे त्यांनी मला शांतपणे समजाविले. मग रिकाम्या डब्याकडे पाहून विचारले, "आजोबा, एवढा शिरा घरी कोणासाठी होतो?" मी नारायण पेठेतला असूनही नुसते डब्याचे झाकण लावले आणि बसची वेळ झाली म्हणालो.

सगुणा आता बरी आहे. गोठ्याच्या दारावर पाटी लागली आहे : 'दिगंबरपंतांनी गाईस काहीही घालू नये.' पाटी रास्त आहे, अक्षरही सुवाच्य आहे. मी बाहेरूनच स्तोत्र म्हणतो. ती आतून मान हलवीत असेल.

आपला,
दिगंबर

ता. क. मुख्य काम राहिले. कुसुम नेहमी दोन वाट्या तांदूळ घेई. मी तिचेच पाहून शिकलो. आजवर उरलेले सगुणेस जात असे. एका वाटीस पाणी किती, हे वहिनींना विचारून कळवावे.

ता. क. दुसरे : वहिनींना विचारू नये. त्यांना घेऊन येथे यावे. दोन वाट्यांचा भात मला उत्तम जमतो, तिसरी वाटी आपण आल्यावर शिकेन.

हे पत्र ज्याच्या हाती पडेल त्याच्या पानासमोर नित्य दुसरे पान मांडलेले असो, आणि त्यावर कोणीतरी बसलेले असो.