वॉल्व्हच्या जागची पट्टी

उस्ताद, काही दिवसांपासून तुमच्या स्वयंपाकघरातलं ते धुराडं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्या हाताखाली शिकलेल्या माझेच केस आता पांढरे झालेत. शिरपूरच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे, लोक मिस्त्री म्हणतात, आणि आजवर तुमचं नाव सांगूनच मी गाड्या हातात घेतल्या. म्हणूनच आधी हे तुम्हाला लिहितोय.

केनवडकडचा एक तरुण आहे, वांगी, टमाटे, सांभार-कोथिंबीर पिकवतो, गावातल्यांचाही भाजीपाला आपल्या ट्रकमधून बाजारात नेतो. तुमच्या काळी नव्हतं, पण आता गाडीला धूर कमी करायचं सामान लावूनच येतं. थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा एक वॉल्व्ह, आणि सायलेन्सरच्या पोटात धूर गाळणारी जाळी. त्याचा वॉल्व्ह काजळीनं गच्च बसला होता. काढून, धुऊन, परत बसवायचा, एवढंच काम. पण तो म्हणाला, ‘‘काका, काढूनच टाका ना हे बिमारी. सगळेच काढून राह्यले. मंग पाहा गाडी कशी पयते.’’ कायद्यात बसत नाही हे मला ठाऊक होतं. तरी काढलं. ऑइलच्या डब्याचा पत्रा कापून वॉल्व्हच्या जागी पट्टी ठोकली, जाळी फोडून भंगारात दिली, आणि वर मिशीवर हात फिरवला.

गाडी परत आली ती खोकतच. उभी असली की केबिन थरथरते, चढाला दम टाकते, मागून काळा धूर, मीटरवर पिवळा दिवा. त्या तरुणानं ठेवलेला ड्रायव्हर खाली उतरला, मागोमाग तो मालकही. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा माणूस, माझ्याच वयाचा. सगळ्यांसमोर म्हणाला, ‘‘मिस्त्री, तुमी हात लावल्यापासून असं करून राह्यली.’’ शेजारच्या टपरीवर लोक चहा पीत होते, त्यातला एक हसला. मला झोंबलं. मी मालकाकडे वळून बोललो, ‘‘हा डिझेल कुठचं भरते, इचार बरं त्याले. अन् अर्ध्या क्लचवर पाय ठेवून गाडी हाकलते, मंग इंजिन का करन?’’ गाडीत टमाटे नासत होते, मालक आधीच तापलेला. त्यानं तिथंच चाबी मागून घेतली. ‘‘उद्यापासून नोको येऊ.’’ तो माणूस गाडीकडे वळला. केबिनमधून आपला गमछा आणि डबा घेतला आणि बस धरायला चालू लागला. मी पान्हे पुसत राहिलो, पुसलेलेच पुन्हा पुसत राहिलो.

मग मी त्या गाडीतला बिघाड शोधायला घेतला. डिझेलचा फिल्टर बदलला. लाइनमधली हवा काढली. इंजेक्टर उतरवून तपासून आणले. सगळं ठाकठीक. डिझेलही चांगलंच होतं, आणि क्लचही. सगळीकडे पाहिलं, पट्टी सोडून. तिकडे डोळा गेला की मान आपोआप वळायची.

तुम्हाला आठवतं का, मी नवीन असताना एक गाडी उचल घेत नव्हती आणि मी तिचा अख्खा पंप खोलून बसलो होतो? तुम्ही मागे येऊन उभे राहता. ‘‘काहून रे पोट्ट्या, शेवटचा हात कोनाचा लागला हिले?’’ मी म्हणतो, माझाच. ‘‘मंग पंपाले कायले उघडं करून राह्यला? तुये नट पाह्य आधी.’’ पाइपाचा नट मीच ढिला ठेवलेला असतो. तुम्ही हसत नाही, तेच मला जास्त लागतं.

शेवटी साबणाचा फेस केला, गाडी चालू ठेवून रेस दिली आणि पट्टीच्या कडेला लावला. बुडबुडेच बुडबुडे. पातळ पत्रा उष्णतेनं वाकला होता आणि टर्बोची हवा इंजिनात जायच्या ऐवजी बाहेर पळत होती. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर. त्यात गाडीचा कॉम्प्युटर तो वॉल्व्ह शोधायचा, सापडला नाही की ताकद आखडायचा. जाड पट्टी टाकून हवा तरी थांबवता आली असती. पण धूर पाहिला आणि काकू आठवल्या. तुमच्या घरी चुलीपाशी डोळे पुसत मला भाकर वाढणाऱ्या. तुम्ही भंगारातल्या ट्रकचा सायलेन्सर पाइप आणून छपराच्या टिनातून धुराडं काढलंत, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ‘‘आता हे घर स्टार्ट कवा करता?’’ दुसऱ्या दिवशी शेजारीण ओरडली, धूर आमच्या आंगनात येते म्हणून. तुम्ही जेवण अर्धं टाकून वर चढलात आणि पाइपाला आणखी एक तुकडा जोडलात. त्याच घरची भाकर खाऊन मी रस्त्यानं जाणाऱ्याच्या नाकात काजळी सोडली.

वॉल्व्ह फेकला नव्हता, ते बरं झालं. डिझेलमध्ये भिजवून, खरवडून, नवी गॅस्केट घालून बसवला. गाडी आता मांजरीसारखी गुरगुरते. जाळी मात्र गेली. ती नवी मीच आणून बसवणार आहे.

काल तांड्यावर गेलो होतो. ड्रायव्हर बाजेवर बसलेला. मी म्हणालो, ‘‘दादा, पट्टी माही होती. तुमची काईच चुकी नोयती.’’ त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाला, ‘‘बरं केलं सांगतलं. पन मले सांगून चाबी भेटते का, मिस्त्री? चार लोकांत बोलले होते तुमी. चार लोकांतच सांगा.’’

सकाळी मालकाला फोन केला, म्हणालो, ड्रायव्हरलाही सोबत आण. टपरीवर तीच माणसं बसली आहेत. तेव्हापासून मी हे लिहीत बसलोय. तुम्हाला सांगणं सोपं जातं, तुम्ही आता ‘‘काहून रे?’’ म्हणून विचारत नाही. बाहेर मोटरसायकल थांबली. दोघंही आलेत. हा कागद घडी करून पान्ह्यांच्या पेटीत टाकतो आणि उठतो. खरं सांगू, उस्ताद? त्यांना यायला अजून उशीर झाला असता, तर मी दुसरं पान घेतलं असतं.