बाबांच्या अंगठ्याचं बटण

१२ नोव्हेंबर २००६, रविवार
परत तीच चौकट स्क्रीनवर — प्रोग्राम मोठा झाला, पूर्ण सॉफ्टवेअर विकत घ्या! चिपसाठी प्रोग्राम लिहायच्या या फुकट डेमोत दोन केबीच्या पुढे जाताच येत नाही. तेवढ्या जागेत, बाबांना बोलता यावं म्हणून बनवलेल्या अक्षरांच्या पाटीवरचे दिवे अक्षराअक्षरावरून फिरतात, पण निवडलेली अक्षरं जोडून पडद्यावर दाखवायला जागा उरत नाही. मग पाटीचा उपयोग काय?

बाबा दुपारी परत ओरडत होते. अर्धांगवायू झाल्यापासून शब्द येत नाही, नुसता आवाज. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर परिणाम आहे, गोळी वाढवा. गोळी दिली की झोपतात. चिंधूकाका त्यांच्या उशाशी बसून म्हणाला, "राघो गेला तो गेलाच. आता नुसता देह हाय." बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आई म्हणाली, "ते तसं येतंच. त्यांना काय कलत न्हाय गो, विनिता."

मला नाही पटत. डावा अंगठा अजून हलतो. मी हाक मारली की हलतो!

१४ नोव्हेंबर
यहयाभाईंच्या सायबर कॅफेत गेले. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे माझ्या पाटीतल्यासारख्या चिप वापरणाऱ्यांच्या एका इंटरनेट फोरमवर सगळे एकच सांगतात — एव्हीआर-जीसीसी हे सॉफ्टवेअर घे, फुकट आहे, मर्यादा नाही. आतला कोडसुद्धा उघडा, कुणीही वाचावा, सुधारावा.

फाईल केवढी मोठी! यहयाभाई म्हणाले, "आख्खी दुपार जाईल गं. तू घरी जा, मी लावून ठेवतो. लाईट गेली तर परत लावीन." संध्याकाळी सीडी हातात दिली. "अब्बूंना पण असंच झालं होतं," एवढंच बोलले.

१५ नोव्हेंबर
मावला! सगळा प्रोग्राम मावला, वर जागा उरली. मी एकटीच हसत बसले.

१८ नोव्हेंबर
वाट लागली. चिपच्या आत एक सेटिंग असते, फ्यूज म्हणतात. ती चुकीची लिहिली गेली. आता चिप उत्तरच देत नाही. केबल बदलली, काढून परत लावली — नाहीच. दुसरी आणायची तर लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठायला हवा. क्लासमधून सुट्टी मिळत नाही.

बाबा आज जेवलेच नाहीत. घास तोंडाशी नेला की मान फिरवतात. आई घास ताटात टाकून रडली.

२० नोव्हेंबर
फोरमवर उत्तर आलंय! पोलंडचा कुणी माणूस. म्हणतो, चिप मेलेली नाही. तू तिला बाहेरच्या ठोक्यांवर चालायला सांगितलंस आणि बाहेर ठोके देणारं काही लावलंच नाहीस. एक क्रिस्टल लाव, तो ठोके देईल, चिप जागी होईल.

क्रिस्टल कुठून आणू? यहयाभाईंनी माळ्यावरून जळका मोडेम काढला. "यात असेल तर काढ."

होता!

२१ नोव्हेंबर
लावला. कमांड दिली. ओळख सांगितली चिपने! मी किंचाळले, तशी आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय भाजलं काय?" न्हाय गं आई, न्हाय!

२६ नोव्हेंबर, रविवार
सकाळची गोळी दिली नाही. आईला खूप विनवलं. पाटी बाबांच्या समोर टेकवली, बटण डाव्या अंगठ्याखाली बांधलं. आधी ओळीचा दिवा, मग अक्षराचा. हवं ते अक्षर आलं की दाबायचं.

पहिल्यांदा नुसती अक्षरांची खिचडी. काका दारातून म्हणाला, "खेळणं हाय ते." मी दिवे हळू केले. परत. परत. बाबांच्या कपाळावर घाम.

मग — द. बराच वेळ काही नाही. काना. मग ढ.

दाढ.

आईने वाचलं आणि तिथेच बसली. मी बॅटरी आणून तोंडात पाहिलं. मागची दाढ किडून काळी, हिरडी टम्म सुजलेली. आणि आम्ही त्यांना झोपवत होतो!

रिक्षा काकानेच आणली.

२७ नोव्हेंबर
दाढ काढली. दुपारभर घरात आवाज नाही. आई सारखी उठून बघून यायची, श्वास चालू आहे ना. चालू होता. शांत झोपले होते, गोळीशिवाय.

३० नोव्हेंबर
बाबा दोन वाट्या पेज प्यायले. मग पाटीवर: मीठ न्हाय. आई किती हसली! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा टोमणा ऐकला म्हणाली.

काका येतो, उशाशी बसतो, पेपर वाचून दाखवतो. नजर मात्र खाली.

३ डिसेंबर
सगळा प्रोग्राम फोरमवर टाकला. सर्किटचं चित्रही. कुणालाही घेऊ दे, बदलू दे. पोलंडवाल्याने अक्षरं कुठल्या भाषेची विचारलं. मराठी, लिहिलं.

आता रात्री गाढ झोप लागते.

१० डिसेंबर, रविवार
सकाळभर बाबा एकेक अक्षर दाबत होते. मधे बोलू दिलं नाही. शेवटी पडद्यावर आलं —

धोंडूबाईला पन दे. तिला कलतं.

समोरच्या घरातली धोंडूबाई! सहा वर्षं खाटेवर आहे, बोलता येत नाही. आम्ही सगळे तिच्या देखत काय काय बोलतो.