माझ्या बक्षिसाच्या निबंधातल्या मायला

प्रिय माय,

तू गेल्याला पाच महिने झाले. एवढ्या दिवसांत मी तुझ्याशी मनातल्या मनातसुद्धा बोलले नाही. रुसले होते असंच समज. आज लिहिते आहे, कारण डॉक्टरांच्या त्या संघटनेचं पत्र आलं आहे. शिकाऊ डॉक्टरांनी व्यसनमुक्तीच्या कामाकडे वळावं म्हणून ते दर वर्षी निबंधाला बक्षीस देतात, ते मागच्या वर्षी मला मिळालं होतं ना? तो निबंध त्यांना छापायचा आहे, यंदाच्या मुलांना नमुना म्हणून. सोबत तुझा फोटो हवा आहे. तुझा! खर्रा सोडलेल्या आईचा. शनिवारपर्यंत होकार कळवा म्हणतात.

काय कळवू, तूच सांग.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बायकांच्या रांगेतून तुझी खर्ऱ्याची पन्नी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची. परत येईपर्यंत रिकामी झाली की तू किती चिडायचीस! सुपारी, तंबाखू, चुना, सगळं तुझ्या हाताने घोटलेलं. मी मनोविकाराच्या शाखेत शिकायला लागले तेव्हा माझी पहिली पेशंट तूच झालीस. दर रविवारी नागपूरहून फोन. "माय, आज किती?" "दोन." मग "एक." आणि एका रविवारी तू म्हणालीस, "नाई खाल्ला वो. आठ दिस झाले. समद्या बाया हासून राह्यल्या मले." मी होस्टेलच्या जिन्यात बसून रडले होते. आनंदाने!

त्यावरच निबंध लिहिला. जिंकला.

समारंभाला तू नवं लुगडं नेसून आलीस. संघटनेच्या अध्यक्ष बाईंनी तुला स्टेजवर बोलावलं, सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, आणि तू तोंड मिटून हसत होतीस. मला वाटलं, लाजलीस. जेवताना तू भाजीला हात लावला नाहीस, नुसता दहीभात कालवलास. "काऊन वो माय, जेवत नाहीस?" "तिखट हाय," म्हणालीस. भातावर ठेचा घेऊन जेवणारी तू! आणि मी तुझी चेष्टा केली, नागपूरचं तिखट झेपत नाही का म्हणून. तोंडातल्या जखमेला तिखट झोंबतं हे मी परीक्षेत लिहून पास झाले आहे, माय.

पुढे तुझा गाल सुजला तेव्हा फोन शेजारच्या सुमनकाकूने केला. तू नाही केलास. कॅन्सरच्या डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू सुरू आहे का?" तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "नाई. पोरीनं सोडवली." तेव्हाही मला अभिमानच वाटला!

तेरवी झाल्यावर तुझी लुगडी आवरताना डबी सापडली. नसेची. दातांना घासायची तंबाखूची पूड, अर्धी संपलेली.

लहानपणी हापशीवर पाण्याचा हंडा-गुंड धरून मीच उभी असायचे आणि तू बोटाने नस घासत असायचीस. आपल्याकडच्या बायका त्याला तोंड धुणं म्हणतात, व्यसनात कोणी धरत नाही. माझ्या प्रश्नांच्या यादीत खर्रा होता, बिडी होती, दारू होती. नस नव्हती. गावात वाढलेल्या मलाही ती सुचली नाही. खर्रा सुटल्यावर तू दिवसातून पाचपाचदा दात घासायला लागलीस, ते मला नागपुरात कसं दिसणार? इथपर्यंत चूक माझी. कबूल.

पण पुढचं? मी डबी दाखवली तशी सुमनकाकू पदर तोंडाला लावून खालीच बसली. म्हणाली, "तिले मालूम होतं बाई. दवाखान्याच्या आशाताईनं सांगतलं होतं, नस बी तंबाखूच हाय. तोंडातला फोड बी दाखवला होता तुह्या मायनं मले. मी म्हटलं, पोरगी डाक्टर हाय, सांग तिले. तं म्हणे, आता कशी सांगू? पोरीचं नाव निघालं कालच. बक्षीस वापस मांगतीन ते लोकं."

हे काय केलंस तू? एक शाल आणि एक लाकडी पाटी, एवढ्यासाठी? मी दर रविवारी विचारत होते आणि तू दर रविवारी मला फसवत होतीस. पेशंट लपवतात, हे आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवतात. त्यांचा मला राग येत नाही. तुझा येतो. तू माझी माय होतीस, आणि काय मोठं, काय लहान हे मला न विचारता तू परस्पर ठरवून टाकलंस!

आणि खरं सांगू? तू बक्षिसाच्या त्या आठवड्यात सांगितलं असतंस, तर मी आधी तुझं तोंड बघितलं असतं की निबंधाचं काय होईल हा विचार केला असता? उत्तर म्हणून "तोंड" असं झटकन लिहायला गेले आणि पेन थांबलं. तू मला पुरती ओळखत होतीस, म्हणून तर गप्प राहिली नाहीस ना?

फोटो पाठवणार नाही. निबंध पाठवते आहे, शेवटचं पान नवं लिहून. पेशंटची तंबाखू सुटली नव्हती, डॉक्टरने नीट विचारलं नव्हतं आणि पेशंट आता नाही, एवढं त्यात लिहिलं आहे. छापायचं तर हेही छापा म्हणावं. त्यांनी बक्षीस परत मागितलं तर शाल आणि पाटी बांधून ठेवली आहे.

आणि तुला शब्द देते. यापुढे माझ्यासमोर जी बाई बसेल, तिला "सोडली का?" विचारायच्या आधी मी सांगेन, "नाही सुटली तरी मला सांग. मी रागावणार नाही."

तुला हे मी एकदाही म्हटलं नव्हतं.

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझी ज्योती